जास्त रनिंग झालेल्या गाडीत ऑइल कोणतं घालावं? आधी प्रेशर समजून घ्या

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपल्यावर पुन्हा नोंदणी करण्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. तरी कोकणात जुन्या गाड्या रस्त्यावर दिसतातच. आंब्याच्या पेट्या वाशीला नेणाऱ्या पिकअप, वडाप करणाऱ्या जीपगाड्या, घरात एकच असल्यामुळे बाजारापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे धावणारी छोटी मोटार. यातल्या कित्येकांचं रनिंग दीड-दोन लाखांच्या पुढे गेलेलं असतं. नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही, आणि नीट सांभाळलेलं इंजिन एवढ्या रनिंगला टाकून देण्यासारखं नसतंही.

या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. घाट चढून वर आलं, गाडी उभी केली, इंजिन आयडलला आलं की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. जरा रेस दिली की विझतो. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर तयार असतं, "जाडा ऑइल घाल, काय होवचा नाय." जाड ऑइल पडतं, दिवा विझतो, मालक निर्धास्त होतो. हा सल्ला कधीकधी बरोबरही ठरतो. पण प्रेशर मोजल्याशिवाय दिला, तर दिवा तेवढा विझतो आणि तो लागण्याचं कारण आत तसंच राहतं. हा फरक कळायला प्रेशर म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागेल.

पंप ऑइल ढकलतो, प्रेशर अडथळ्यामुळे होतं

इंजिनाच्या तळाशी चेंबर असतं, त्यात ऑइल साठतं. पंप ते जाळीतून खेचून फिल्टरमध्ये आणि तिथून इंजिनातल्या बारीक वाटांमध्ये ढकलतो. एका फेरीत किती ऑइल ढकलायचं हे पंपाच्या मापावर ठरलेलं असतं. पंपाचं काम इतकंच. पुढे ऑइलला वाट किती अरुंद मिळते त्यावर प्रेशर किती हे ठरतं.

पोफळीची बाग शिंपणाऱ्याला हे लगेच कळेल. विहिरीवर पंप, बागेतून गेलेला लांब पाइप, आणि प्रत्येक आळ्यापाशी पाइपाला एक बारीक भोक. भोकं बारीक आहेत तोवर पाइप ताठ राहतो आणि शेवटच्या पोफळीलाही पाणी पोचतं. उन्हापावसानं भोकं मोठी झाली, तर पंप पूर्वीइतकंच पाणी फेकत असूनही पाइप ढिला पडतो. पंपाजवळच्या आळ्यात चिखल होतो आणि टोकाची झाडं तहानलेली राहतात. इंजिनातली भोकं म्हणजे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगांमधली फट. टोकाची झाडं म्हणजे वर हेडमध्ये बसलेले, व्हॉल्व्हची उघडझाप करणारे कॅमशाफ्ट आणि टॅपेट. जुन्या इंजिनात गरम झाल्यावर टॅपेट आधी का वाजू लागतात, याचं एक कारण इथे आहे.

नव्या इंजिनात ही फट साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर असते. झीज होते तशी ती वाढते, आणि इथे गणित कठोर आहे. इतक्या अरुंद जागेतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दीडपट झाली तर तेवढ्याच प्रेशरला सुमारे सव्वातीनपट ऑइल निसटतं, दुप्पट झाली तर आठपट. म्हणून वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि मग एखाद्या मोसमात प्रेशर झपाट्यानं उतरल्यासारखं वाटतं.

मग क्रँकला उचलून कोण धरतं?

बहुतेकांना वाटतं, पंपाच्या प्रेशरमुळे क्रँक ऑइलवर तरंगतो. तसं नाही. हे एका जुन्या प्रयोगात दिसून आलं. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या बेअरिंगांमधल्या घर्षणाचा अभ्यास करत होते. त्यांनी बेअरिंगच्या वरच्या भागात ऑइल सोडण्यासाठी भोक पाडलं. आस फिरू लागल्यावर ऑइल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. भोकाला बूच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. तेव्हा त्यांनी तिथे गेज लावला, आणि बेअरिंगवरच्या भाराचा हिशेब करून येणाऱ्या सरासरी दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब आत असल्याचं दिसलं. तिथे कुठलाही पंप नव्हता. फिरणारी आसच ऑइल अरुंद जागेत ओढून नेत होती आणि ऑइलची पाचर होऊन भार उचलला जात होता. १८८६ मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगांची रचना त्याच पायावर होते.

याचा अर्थ, पंपानं बेअरिंगपाशी पुरेसं ऑइल पोचवायचं. भार पेलण्याचं काम पाचर करते. पाचर किती भक्कम होणार हे क्रँकचा वेग, फट आणि ऑइलचा जाडपणा यांवर ठरतं. प्रेशर गेजच्या काट्यावर ६० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) दिसणारं इंजिन ४० पीएसआयवाल्यापेक्षा दीडपट सुरक्षित असतं, असं मुळीच नाही. प्रेशर फार कमी झालं तर ऑइल पोचत नाही आणि पाचर मोडते, हे मात्र खरं. म्हणून कमी प्रेशरची भीती रास्त आहे, पण चढलेल्या काट्याचं समाधान मानण्यासारखं त्यात काही नाही.

दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक?

नाही. बहुतेक गाड्यांत हा दिवा जेमतेम ४ ते ७ पीएसआयच्या खाली गेल्यावरच लागतो. इंजिन पूर्ण गरम असताना दर हजार आरपीएममागे (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांमागे) निदान १० पीएसआय असावं, असा गॅरेजांतला जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो आणि तोच अंतिम धरावा. या ठोकताळ्यानं ३,००० आरपीएमला ३० पीएसआय हवं. तिथे १२ मिळत असलं तरी दिवा विझलेलाच राहील. म्हणजे दिवा जेव्हा बोलतो तेव्हा बराच उशीर झालेला असू शकतो. धावताना तो लागून तसाच राहिला, तर पुढचं गॅरेज किती दूर आहे याचा विचार करू नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ले, हर्णै अशा ठिकाणी खाऱ्या हवेनं तारांच्या टोकांवर हिरवट कीट चढतो. जुन्या गाड्यांत प्रेशरचा स्विच एका तारेचा असतो आणि ती तार बॉडीला अर्थ झाली की दिवा लागतो. तार सोलवटून कुठे टेकली तर प्रेशर ठीक असूनही दिवा लागेल. उलट जोडणी गंजून सुटली तर प्रेशर शून्यावर आलं तरी तो लागणार नाही, आणि धोका या दुसऱ्या प्रकारात आहे. पारख सोपी आहे. चावी फिरवा पण इंजिन सुरू करू नका. तेव्हा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर आधी तार, स्विच आणि बल्ब बघा, बाकी सगळं नंतर.

दिवा कधी लागतो, ते लक्षात ठेवा

मेकॅनिककडे जाऊन नुसतं "दिवा लागतो" म्हणण्यापेक्षा तो कधी लागतो हे सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

आंबा घाट किंवा करूळ घाटाच्या वळणांवर, गाडी एका अंगाला झुकताना दिवा चमकून जात असेल, तर बहुधा ऑइलची पातळी कमी आहे. चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं आणि जाळी क्षणभर उघडी पडून पंप हवा ओढतो. डिपस्टिक बघा, भर घाला. यात ऑइलचा नंबर बदलण्यासारखं काही नाही. जुनं इंजिन ऑइल खातं, हे गृहीत धरून दर दुसऱ्या इंधन भरण्याला पातळी बघायची सवय हवी. गाडी सपाटीवर उभी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, मगच पट्टी काढायची.

सकाळी सुरू करताना दिवा विझायला चार-पाच सेकंद लागत असतील तर फिल्टरकडे बघा. बऱ्याच गाड्यांच्या फिल्टरमध्ये रात्रभर ऑइल खाली उतरू न देणारी रबरी झडप असते. स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये ती धड नसते.

वेग वाढवल्यावर प्रेशर वाढण्याऐवजी कमी होत असेल तर जाळीत गाळ अडकल्याचा संशय घ्यावा. चेंबर उतरवून जाळी धुणं हे इंजिन खोलण्याच्या मानानं किरकोळ काम आहे. चेंबर बसवताना ओतलेलं जादा सिलिकॉनही आतून सुटून जाळीवर येतं. हे मेकॅनिकला आधीच सांगून ठेवलं तर वाईट वाटून घेऊ नये त्यानं.

आणि फक्त गरम झाल्यावर, फक्त आयडलला लागत असेल, तर एक तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगची फट वाढली आहे. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात तेव्हा नेमकी हीच परिस्थिती असते. तापलेलं इंजिन, मंद फिरणारा पंप. त्या वेळी मीटरवर किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालतच असतं. ऑइल बदलायचा हिशेब करताना हे तास मोजायला हवेत.

शेवटचं निदान मात्र गेजनंच करा. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा, इंजिन पूर्ण गरम करायचं, आणि आयडल, २,००० आणि ३,००० आरपीएमला आकडे लिहून घ्यायचे. काम अर्ध्या तासाचं आहे. जो मेकॅनिक हे केल्याशिवाय इंजिन बांधायला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करायला, सांगतो, त्याला गेज लावायची विनंती जरूर करा.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

२०डब्ल्यू-४० मधलं डब्ल्यू हिवाळ्यासाठी आहे. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो. २०डब्ल्यूची एक चाचणी उणे १५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. कोकणात पहाटेही असली थंडी पडत नाही, त्यामुळे इथे इंजिन सुरू होण्यासाठी हा आकडा अडत नाही. ऑइल वर लवकर पोचावं म्हणून लहान आकडा चांगलाच, पण जुन्या डिझेल इंजिनात १५डब्ल्यूनं भागतं.

आपल्याला खरा संबंध मागच्या आकड्याशी. तो १०० अंश तापमानाला ऑइल किती जाड राहतं ते दाखवतो. सेंटिस्टोक या एककात ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. या पट्ट्या रुंद आहेत. एका कंपनीचं ४० हे १२.६ असू शकतं आणि दुसऱ्या कंपनीचं १६. दोन्ही डब्यांवर तोच नंबर, तरी जाडीत पाव भागाहून अधिक फरक. म्हणून नंबर तोच ठेवून नुसता ब्रँड बदलला तरी काटा हलतो. कंपन्या ऑइलचं माहितीपत्रक इंटरनेटवर ठेवतात. त्यात १०० अंशांचा आकडा बघून त्याच नंबरातलं जाडसर ऑइल निवडता येतं. नंबर बदलण्याआधी मी तरी हाच मार्ग सुचवेन.

डब्यावर दुसरी खूण असते ती दर्जाची. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या अक्षरांच्या पुढे एस असेल तर पेट्रोल इंजिनासाठी, सी असेल तर डिझेलसाठी. एसएन २०१० मध्ये आलं, एसपी २०२० मध्ये. डिझेलमध्ये सीआय-४ २००२ चं, सीके-४ २०१६ चं. दर्जा नवा असला तर जुन्या पेट्रोल गाडीत बिनधास्त चालतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत मात्र जुना दर्जा घालू नये. सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

जाड ऑइल घातलं तर बिघडतं काय?

हा प्रश्न रास्त आहे, कारण जाड ऑइल निसटतं कमी आणि काटा वर येतो, हे सगळे डोळ्यांनी बघतात. पण फट तेवढीच राहिलेली असते.

जाडपणा वाढला की वाट कठीण होते. थंड ऑइल गरम ऑइलपेक्षा मुळातच खूप जाड असतं. साधं १५डब्ल्यू-४० हे ४० अंशांना १०० अंशांच्या सात-आठपट जाड असतं. त्यात ५० नंबरचं ऑइल घातलं की सकाळच्या पहिल्या मिनिटांत पंपाची रिलीफ व्हॉल्व्ह उघडते आणि जादा ऑइल चेंबरमध्ये परत जातं. काटा वर, पण हेडकडे जाणारं ऑइल कमी. फिल्टरची बायपास झडपही उघडू शकते, म्हणजे तेवढा वेळ ऑइल न गाळताच फिरतं. टर्बो, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि हायड्रॉलिक टॅपेट यांना लवकर ऑइल लागतं, आणि त्यांचीच उपासमार होते. मायलेज थोडं घटतं ते वेगळंच.

माझं मत असं. कंपनीनं ३० सांगितलं असेल, रनिंग दीड लाखांच्या पुढे असेल, ऑइल खात असेल किंवा गरम आयडलला प्रेशर मॅन्युअलच्या खालच्या मर्यादेपाशी असेल, तर एक पायरी वर, म्हणजे ४० वर जायला हरकत नाही. कित्येक मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानानुसार दोन-तीन नंबर दिलेले असतात आणि आपल्या हवेला त्यातला वरचा चालतो. कंपनीनं ४० सांगितलं असेल तर ५० वर जाण्याआधी गेज लावाच. आणि ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल मागणाऱ्या नव्या रचनेच्या इंजिनात २०डब्ल्यू-५० कधीही नको. प्रेशर वाढवणारी बाटलीबंद औषधं म्हणून जी मिळतात, त्यातली बहुतेक म्हणजे ऑइल जाड करणारे पदार्थ असतात. त्यापेक्षा त्याच पैशात चांगला फिल्टर घ्या.

मोटरसायकलचा नियम वेगळा. तिथे क्लच ऑइलातच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं.

सिंथेटिक घातलं की जुनं इंजिन गळतं म्हणतात, ते?

गळती सिंथेटिकमुळे होत नाही. आधीपासून कडक झालेल्या सीलवर जमलेला गाळ धुतला गेला की लपलेली गळती दिसू लागते. जुन्या इंजिनाला सिंथेटिक चालतं, पण आठवड्याला लिटर ऑइल खाणाऱ्या इंजिनात ते जाळण्यात अर्थ नाही. तिथे वेळेवर बदललेलं साधं मिनरल ऑइल पुरेसं.

आणि डिझेल गाडीत ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नये. काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, आणि नवं ऑइलही काही दिवसांत काळं होतं.

इथल्या हवेत ऑइल पातळ का होतं?

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं चेंबरमध्ये उतरते. रिंगा झिजलेल्या असतील, म्हणजे गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, तर जास्तच. लांबच्या प्रवासात ऑइल तापून ती उडून जाते. पण पावसाळ्यात गाडी वाडीतून बाजारात आणि बाजारातून वाडीत एवढीच फिरते, इंजिन पुरतं तापत नाही, आणि पाणी व कच्चं इंधन ऑइलातच राहतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसते ती यामुळे. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल तर एकदा गाडी लांब फिरवून आणा, साय जाते. पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा.

बीएस-६ डिझेल पिकअपमध्ये उलटं लक्षण बघा. काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करायला जादा डिझेल वापरतो. ते काम अर्धवट तोडलं गेलं की डिझेल ऑइलात उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी चढते. चढलेली पातळी ही चांगली बातमी नाही, तिथे ऑइल लगेच बदलायला हवं.

पुराचं पाणी शिरलेलं इंजिन हा तर वेगळाच प्रकार. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळुणात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीला स्टार्टर मारायचा नाही. आधी ऑइल आणि फिल्टर काढायचा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत आहे, आणि दुधाळ ऑइलाची धड पाचर होत नाही.

या सगळ्यामुळे किनाऱ्यावर छोट्या फेऱ्या मारणाऱ्या जुन्या गाडीला मॅन्युअलमधला कठीण वापराचा कालावधी लावावा, जो नेहमीच्या साधारण निम्मा असतो. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला एकदा ऑइल बदलावंच, शक्यतो पावसाळा सरल्यावर. काढलेलं ऑइल गंज लागू नये म्हणून चासीवर फवारायची आपल्याकडे पद्धत आहे. कृपा करून ते करू नका. त्यात इंजिनाची झिजलेली धातू आणि आम्ल असतं, आणि पहिल्या मोठ्या सरीला ते व्हाळात आणि मळ्यात उतरतं. रिकामा डबा फोडून टाका, म्हणजे तो पुन्हा नकली ऑइल भरून विकला जाणार नाही.

इंजिन खोलायची वेळ कोणती?

पातळी बरोबर, फिल्टर नवा, जाळी साफ, ऑइल योग्य नंबरचं, आणि तरीही गेजवर गरम आयडलला आकडा मॅन्युअलच्या मर्यादेखाली, तर बेअरिंग बघायची वेळ आली. बऱ्याच इंजिनांत चेंबर उतरवून खालूनच कनेक्टिंग रॉडची बेअरिंग काढून बघता येतात. पृष्ठभाग एकसारखा राखाडी असेल तर ठीक. तांबूस थर दिसू लागला असेल तर बदला. क्रँकवर ओरखडे नसतील आणि त्याचं माप मर्यादेत असेल तर त्याच मापाची नवी बेअरिंग बसतात आणि काम थोडक्यात आटोपतं. खालून खडखड ऐकू येईपर्यंत गाडी चालवली, तर क्रँक उतरवून ग्राइंड करावा लागतो आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग शोधावी लागतात. म्हणून गॅरेजमध्ये अंदाज विचारताना क्रँकचं माप मायक्रोमीटरनं घेऊन कागदावर लिहून मागा, आणि कोणत्या मापाची बेअरिंग बसवणार हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या.